घरात व्हीलचेअर येणार आहे? मग या चुका टाळा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर किंवा अपघातानंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवते. झाडावरून, बांधकामावरून पडून किंवा गाडीच्या अपघातात मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं, अशा मोठ्या माणसांसोबत गेली सतरा वर्षं काम करतेय. बहुतेक काम सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं. दवाखान्यातून सुट्टी झाली की मी त्यांच्या घरी जाते. माणसं वेगळी, गावं वेगळी, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ज्याला वापरायचं आहे त्याला न विचारता बाथरूम बांधणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती निव्वळ मायेपोटी होते.

कराडजवळच्या एका गावातला एकोणतीस वर्षांचा वायरमन खांबावरून पडला. तो दवाखान्यात असताना वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घरात नवीन बाथरूम बांधलं. गुळगुळीत फरशी, पांढराशुभ्र कमोड, दोन्ही बाजूंना स्टीलच्या दांड्या. मुलगा घरी आला तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती. खुर्ची दारात अडकली. चौकट आणि उघडलेलं पान वजा जाता वाट उरली होती चोवीस इंच, आणि त्याची खुर्ची साडेपंचवीस. वडील तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मॅडम, मिस्त्रीनं मापं घेतली होती की.’ घेतली होती, पण खुर्चीची नाही. खुर्ची तेव्हा घेतलीच नव्हती.

दार मोठं केलं. आठ दिवसांत दुसरं दुखणं निघालं. खुर्चीची बैठक गादीसकट बावीस इंचांवर आणि कमोड सोळा इंचांवर. उतरताना माणूस सहज उतरतो. परत येताना मात्र सहा इंच वर, तेही फक्त हातांच्या जोरावर चढावं लागतं. एके सकाळी तो पाऊण तास तिथेच बसून राहिला, कारण बापाला हाक मारायची नव्हती. शेवटी भिंतीवरची दांडी धरून त्याने अंग खेचलं. दांडी प्लास्टिकच्या गिट्टीत साध्या स्क्रूने बसवलेली होती, ती हातात आली. पडला तो नेमका दाराच्या आड, आणि दार आत उघडणारं. भाऊ बाहेरून ढकलतोय आणि याचं अंग दाराला अडतंय. शेवटी बिजागऱ्या काढून दार उतरवावं लागलं. हाड मोडलं नाही, हे नशीब. पण पुढचे दोन महिने तो बाथरूममध्ये एकटा जायला तयार नव्हता.

माझी सवय सांगते. पिशवीत कायम मेजरटेप आणि खडू असतो. आधी खुर्ची ठरते, मग मापं. अंगणात खडूने बाथरूम खऱ्या मापाचं आखते. दार कुठे, कमोड कुठे, नळ कुठे, सगळं. कमोडच्या जागी त्याच उंचीचं स्टूल ठेवते आणि ज्याला ते वापरायचं आहे त्यालाच खुर्चीवरून आत जायला, वळायला, स्टुलावर बसायला आणि परत यायला सांगते. खुर्ची पूर्ण वळवायला पाच फूट जागा लागते. तेवढी नसेल तर निदान कमोडशेजारी खुर्ची लागेल इतकी तरी हवी. कमोडची बैठक खुर्चीच्या उंचीला आणा. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरूनही उघडता यावी. दांड्या पक्क्या भिंतीत फास्टनरने बसवा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला त्यांना लोंबकळायला सांगा. खडूची रेघ पुसता येते, फरशी उखडायला पुन्हा कर्ज काढावं लागतं.

रॅम्पचंही तेच. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. ‘एवढी जागा कुठून आणायची’ म्हणून पाच फुटांत उतार ओतला, तर त्यावरून माणूस एकटा कधीच जाणार नाही. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवा. वर गुळगुळीत फरशी नको, खरखरीत कोबा करा.

‘चालायला लागला की बघू’

फिजिओथेरपी चालू ठेवा, आशाही ठेवा, मी कुणाची आशा काढून घ्यायला येत नाही. पण त्या आशेपोटी घर जसंच्या तसं ठेवायचं, खुर्ची भाड्याची आणायची, नोकरीचा विषय टाळायचा, असं करत तीन-तीन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. त्या वर्षांत माणूस एका खोलीत, एका खिडकीपाशी पडून असतो. आणि महिन्याभरात उभं करतो म्हणणारा कुणी ना कुणी या काळात हमखास भेटतो. रॅम्पला जो पैसा नव्हता, तो त्याच्याकडे जातो. याचा मला मनापासून राग येतो. रॅम्प बांधल्याने पायांचं बरं व्हायचं थांबत नाही.

वेळ लागतो म्हणून करून देणं

इचलकरंजीच्या एक ताई. मणक्याच्या टीबीने पाय गेलेले, वय चौतीस. त्यांना एकच गोष्ट हवी होती, सकाळचा पहिला चहा स्वतः करायचा. ओटा उंच, बसल्या जागेवरून पातेल्यात काही दिसेना. म्हणून गुडघे खाली जातील असं टेबल घेतलं, त्यावर इंडक्शनची शेगडी, आणि साखर-चहाचे डबे हाताशी. पहिल्या दिवशी चहाला पस्तीस मिनिटं लागली. सासूबाई दारात पदर हाताला गुंडाळून उभ्या. दूध वर आलं की एक पाऊल पुढे, मी बघितलं की मागे. वाईट नव्हत्या हो, त्यांना बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ‘काकू, उद्यापासून या वेळेला तुम्ही देवळात जाऊन बसा.’ त्या गेल्या. तीन आठवड्यांत चहा बारा मिनिटांवर आला. एक पक्का नियम मात्र घातला, गरम कप मांडीवर ठेवून खुर्ची ढकलायची नाही. संवेदना नसलेल्या मांडीवर चहा सांडला तर कातडी भाजलेली कळतही नाही. झाकणाचा थर्मास वापरा. अंघोळीचं पाणीही आधी कोपराने बघा, पायाने नाही.

दुसऱ्या टोकाची घाईही नको. नवीन शिकलेली पोरं उत्साहाने येतात आणि ‘सगळं स्वतःच करायचं, मदत घ्यायची नाही’ असा पण माणसाला करायला लावतात. मग तो दोन तास कपडे घालण्यात घालवून दमतो आणि कामावर जातच नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं, रात्री श्वासासाठी लोखंडी यंत्रात झोपायचे. तरी त्यांनी १९६२ साली बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश घेतला, आणि १९७२ मध्ये तिथेच स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं राहिलं, त्यात त्यांचा पुढाकार होता. कपडे त्यांना दुसरं कुणीतरी घालायचं. पण कोण घालणार, कधी आणि कोणते, हे ते ठरवायचे. म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारते, कोणती कामं स्वतः करायची आणि कोणती दुसऱ्याकडून करून घ्यायची? उत्तर आईने दिलं, तर प्रश्न पुन्हा विचारते.

कातडीकडे दुर्लक्ष

संवेदना नाही म्हणजे टोचणीही नाही. बैठकीच्या हाडांखाली, माकडहाडावर, टाचांवर जखम होते आणि वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. अशा जखमेपायी माणूस महिनोन्‌महिने पालथा पडून राहतो, नोकरी जाते. खुर्चीवर असताना दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलायचं किंवा पुढे वाकून, कुशीवर कलून भार काढायचा. मी मोबाइलवर गजर लावायला सांगते. रात्री लांब दांड्याच्या आरशात स्वतः बघायचं, आणि दाबूनही न जाणारा लाल डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. दुकानात मिळते ती मधे भोक असलेली रबरी रिंग घेऊ नका. तिच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो आणि जखम व्हायला मदतच होते. पैसे वाचवायचेच असतील तर खुर्चीच्या रंगरूपावर वाचवा, गादीवर नको.

आता बाकीच्या भराभर.

बाहेर जायचं म्हणून पाणी पिणं बंद करू नका. लघवीचा संसर्ग तिथूनच सुरू होतो. नळी घालून लघवी काढायची असेल तर ठरलेल्या वेळा प्रवासातही पाळा.

बगलेत हात घालून उचलू नका. खांदे हेच आता त्याचे पाय आहेत. सरकफळी, म्हणजे खुर्चीवरून पलंगावर सरकत जायची गुळगुळीत फळी, वापरायला शिका.

मार छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणून झोपवू नका. सरळ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का ते बघा. लगेच उतरलं नाही तर दवाखाना गाठा. रक्तदाब धोकादायक वाढलेला असतो.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ‘नंतर काढू’ म्हणू नका. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हातात हवा.

फोन, एटीएम कार्ड आणि ओटीपी भावाच्या खिशात असतील, तर रॅम्प बांधून फार काही बदललं नाही. ते आधी परत द्या.

आणि एकटं राहण्याची तालीम केल्याशिवाय कुणालाही एकटं राहायला पाठवू नका. आधी दोन तास, घरचे शेजारी जाऊन बसतील असे. काय अडलं ते त्यानेच वहीत लिहायचं. मग अर्धा दिवस. मग एक रात्र. पहिल्या रात्री बहुतेकांच्या वहीत सारख्याच गोष्टी येतात. दिव्याचं बटण पलंगावरून लागत नाही, पांघरूण खाली पडलं तर उचलायला काही नाही, खुर्चीचा ब्रेक लावला नव्हता म्हणून ती लांब सरकली. बटणाला दोरी बांधा, उशाशी लांब चिमटा ठेवा, खुर्ची ब्रेक लावून हाताच्या अंतरावर. आणि मोबाइल समोरच्या भिंतीवर नाही, पलंगाशेजारच्या बोर्डावर चार्जिंगला लावा.