स्वस्त हत्यारं घेताना या चुका टाळा

नव्याण्णव रुपयांच्या दुकानात, आठवडी बाजारात किंवा रात्री मोबाइल चाळताना स्वस्त हत्यार दिसलं की हात पुढे जातोच. जाऊ दे. स्वस्त म्हणजे टाकाऊ असं काही नाही. मुंबईत लोहार चाळ किंवा नागदेवी स्ट्रीटला माल घ्यायला येणारे मिस्त्रीही काही वस्तू स्वस्तातल्याच उचलतात. फक्त कोणत्या उचलायच्या हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

घरगुती गिऱ्हाइकाचा हिशोब असतो, ‘मोडलं तर मोडलं, जाऊन जाऊन शंभर रुपये जातील.’ मोडणार ते हत्यारच असेल तर हा हिशोब बरोबर आहे. पण पाना क्वचितच मोडतो. स्वस्त पान्याचं तोंड मऊ असतं, जोर लावला की ते जरासं फाकतं, पाना घसरतो आणि नटाच्या कडा मरतात. पाना शाबूत, नट गोल. मग तो नट काढायला गॅरेजवाल्याकडे जायचं, त्याचे पैसे द्यायचे आणि वर बोलणीही खायची. म्हणून घेताना प्रश्न किमतीचा नको. हे हत्यार हरलं तर भुर्दंड कुणाला, हे विचारा. हत्यारालाच असेल तर खुशाल स्वस्त घ्या. कामाला असेल तर बघून घ्या. हातापायाला किंवा डोळ्याला असेल तर स्वस्ताचं नावच काढू नका.

या कसोटीवर बऱ्याच वस्तू स्वस्तात चालतात. स्क्रू ठेवायचे डबे, लोहचुंबकाची वाटी, चिकटवताना फळ्या आवळायचे छोटे क्लॅम्प, गंज घासायचा तारेचा ब्रश, हॅक्सॉची फ्रेम. रंगाचा ब्रश मात्र केस गाळतो. गेटला प्रायमर मारायला तो चालेल, कपाटाच्या दाराला नको. हॅक्सॉची फ्रेम स्वस्त घेतली तर वाचलेले पैसे पात्यात घाला, कारण लोखंड कापायचं ते पातं. ड्रिल मशीनचंही तसंच. साधं मशीन आणि चांगले बिट (भोक पाडायची टोकं) ही जोडी घरात वर्षानुवर्षं चालते. महागडं मशीन आणि पाकिटातले फुकटचे बिट म्हणजे भिंतीत धूर.

मोठ्या सेटचा मोह

प्लास्टिकच्या पेटीत येणारा ४६ नगांचा सॉकेट सेट (सॉकेट म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना) बऱ्याच घरांत दिसतो. आकडा मोठा, पेटी देखणी. पण त्यातले निम्म्याहून जास्त नग स्क्रू ड्रायव्हरचे बिट असतात, आणि सॉकेट साधारण ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतचे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा नट त्यातल्या एकालाही बसत नाही. सेटचा ड्राइव्ह, म्हणजे सॉकेट ज्यावर बसतो तो चौकोनी खुंट, पाव इंची असतो, म्हणजे तो मुळातच हलक्या कामासाठी. जाम बोल्ट सुटावा म्हणून रॅचेटच्या (सॉकेट फिरवायच्या कटकट वाजणाऱ्या हत्याराच्या) दांड्यावर पाइप चढवून जोर दिला, की आतले दात गेलेच. मिक्सर, पंखा, सायकल, कव्हरचे बोल्ट, एवढ्याच कामाला वापरायचा असेल तर हा सेट वाईट नाही. मोठ्या नटांना लागतील ते दोन-चार पाने सुटे आणि चांगले घ्या.

‘क्रोम व्हॅनेडियम’ (मजबूत पोलादाचा एक प्रकार) हे शब्द कोरलेले दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. अक्षरं कोरायला पोलादाची परवानगी लागत नाही. त्यापेक्षा पाना घडीव (तापवून ठोकून घडवलेला) आहे की ओतीव (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेला) ते बघा. ओतीव पान्यावर साच्याची जाड, ओबडधोबड रेघ दिसते, तोंडाच्या आत खडबड असते आणि मुलामा कडेला फुगलेला असतो. तो मुलामा पुढे पापुद्र्यासारखा सुटतो आणि बोट कापतो. घडीव हत्यारं बनवणारे आपल्याकडे कमी नाहीत. जालंधर आणि लुधियाना ही तर हत्यारांचीच गावं, आणि नाशिकला कारखाना असलेल्या तापारियाची पक्कड जवळपास प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असते. पण नावाजलेल्या नावातलं एखादं अक्षर बदललेला मालही त्याच फळीवर टांगलेला असतो, तेव्हा नाव नीट वाचा.

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. वरवर गंजलेला जुना घडीव पाना नव्या चकचकीत पान्यापेक्षा कधीही बरा. गंज घासून जातो, फाकलेलं तोंड मात्र मिटत नाही. तेवढं तोंड तपासून घ्या.

दुकानातच तपासा

खिशात १० मिलिमीटरचा पाना बसतो असा एक बोल्ट, एक फुलीचा स्क्रू आणि कागदाचा कपटा ठेवा. दुकानदार हसेल, हसू दे.

पाना बोल्टवर चढवून हलवा. खडखड वाजला तर परत ठेवा. स्क्रू ड्रायव्हर आडवा धरून टोकावर स्क्रू बसवा आणि हलवून बघा. जास्त डगडगला तर उद्या भिंतीतल्या स्क्रूचं डोकं तोच खाणार. घरातल्या बहुतेक फुलीच्या स्क्रूंना २ नंबरचं टोक लागतं. लोक १ नंबरचं लावतात आणि दोष स्क्रूला देतात. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. तार कापायच्या भागातून फट दिसता कामा नये. तिथेच कागद कापून बघा. कपटा तुटला तर ठीक, चिमटून लोंबकळत राहिला तर ती पक्कड तार कापणार नाही, चावेल.

मोजायच्या हत्यारांत लोक उलटीच चूक करतात. टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून चांगली टेप परत करायला येतात! तो हूक स्वतःच्या जाडीइतका सरकायलाच हवा. बाहेरून अडकवून मोजताना तो ओढला जातो, आत टेकवून मोजताना दाबला जातो आणि शून्य दोन्ही वेळा जागेवर राहतं. रिव्हेट इतके ढिले असतील की हूक तिरका होतो, तर मात्र टेप नको.

पाणसळ, म्हणजे आपली लेव्हल, फरशीवर ठेवून बुडबुडा कोणत्या भिंतीकडे गेला ते बघा. मग तिथेच ती टोकं उलटी करून ठेवा. बुडबुडा पुन्हा त्याच भिंतीकडे तितकाच गेला तर फरशीला उतार आहे, लेव्हल खरी आहे. विरुद्ध भिंतीकडे गेला तर लेव्हल खोटी. गुण्याही (काटकोन बघायचं हत्यार) असाच पलटून तपासतात. सरळ कडेला लावून रेघ मारायची, गुण्या पालथा करून तिथूनच दुसरी मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या पाहिजेत. या दोन परीक्षा पास झाल्या तर किंमत कितीही कमी असू दे, बिनधास्त घ्या.

विजेशी आणि वेगाशी काटकसर नको

पकडीच्या दांड्यावरचं रंगीत प्लास्टिक हाताला पकड यावी म्हणून असतं. करंटसाठीची इन्सुलेटेड पक्कड वेगळी येते. तिच्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो. ती घेतली तरी मेन बंद करायचा कंटाळा करू नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असंही नव्हे. आतला दिवा गेलेला असू शकतो. आधी विजेच्या चालू सॉकेटवर टेस्टर लावून बघा, मग संशयाच्या जागी.

सगळीकडे मिळणारा पिवळा छोटा मल्टिमीटर सेल तपासायला, वायर तुटली का बघायला झकास आहे. पण अशा बऱ्याच मीटरांत १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नसतो. वायर त्या भोकात विसरली आणि टोकं सॉकेटमध्ये घातली, तर तो सरळ शॉर्टसर्किट. शिवाय आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे खोटे येतात, तेव्हा विचित्र रीडिंग आलं तर आधी बॅटरी बदला.

ग्राइंडरची चकती कधीच स्वस्त बघून घेऊ नका. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, आणि चकतीवरचा कमाल फेऱ्यांचा आकडा त्याहून मोठाच हवा. चांगल्या चकतीवर तो १५,००० च्या पुढे असतो, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही छापलेली असते. आकडा नसलेली, मुदत संपलेली किंवा भिजलेली चकती फुटली तर तुकडे तोंडावर येतात. गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढून काम करणाऱ्यांना काय म्हणावं!

घेऊन फसलात तर

नट गोल झाला असेल तर बारा कोनी रिंग पाना बाजूला ठेवा. सहा कोनी सॉकेट कडांऐवजी सपाट बाजूंवर धरतो. त्यानेही जमलं नाही तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी लॉकिंग प्लायरने (आवळली की घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) धरा. स्क्रूचं डोकं नुकतंच झिजायला लागलं असेल तर ड्रायव्हर आणि स्क्रूच्या मध्ये रुंद रबरबँड ठेवून, दाबून, सावकाश फिरवा. ड्रिल मशीनने घाई केली तर उरलंसुरलं डोकंही जाईल.

ड्रिल भिंतीत शिरत नसेल तर मशीनला शिव्या देण्याआधी उलट-सुलट फिरवायचं बटण बघा. मशीन उलटं फिरत असल्याच्या तक्रारी वाटतात त्याहून जास्त असतात. मग हॅमर मोड (फिरता फिरता ठोके मारायची सोय) चालू आहे का ते बघा, आणि बिटच्या टोकाची कार्बाइडची टिकली जागेवर आहे का तेही. लोखंडात भोक पाडायचा बिट भिंतीत चालवला तर टोक निळं पडतं, तो बिट गेला. विटांच्या भिंतीत साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. बीम-कॉलमच्या काँक्रीटमध्ये मात्र ते नुसतं खरवडत बसतं. तिथे एका दिवसापुरता रोटरी हॅमर (फिरता फिरता जोरदार ठोके मारणारं ड्रिल) भाड्याने आणा. आणि भोक मध्येच एका जागी अडून धातूचा चकचकीत चुरा आला, तर सळई लागली आहे. जोर न करता भोक थोडं बाजूला घ्या.