नवा पीसी जोडायचाय? आधी पेनड्राइव्ह भरा

आधी पेनड्राइव्ह. जुना पीसी चालू आहे तोवर नव्या मदरबोर्डची ताजी बायोस फाइल (बायोस म्हणजे पीसी सुरू करणारं, बोर्डवरच साठवलेलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, आणि मगच जुन्याचा पहिला स्क्रू काढा. मी गेल्या दिवाळीत नेमकं उलटं केलं. जुनं मशीन आधी खोललं, त्याचं कॅबिनेट आणि एसएसडी नव्यासाठी घेतली, बी६५० मदरबोर्डवर रायझन ५ ९६००एक्स हा रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर (सीपीयू) बसवला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डच्या कडेला 'सीपीयू'पाशी एक लाल दिवा, तो काही केल्या विझेना. बोर्ड २०२२ च्या पिढीचा, चिप म्हणजे प्रोसेसर २०२४ चा. सॉकेट, म्हणजे चिप बसायची जागा, दोघांचं एकच, एएम५, त्यामुळे चिप बसते अगदी चपखल, पण जुन्या बायोसला ती ओळखताच येत नाही. शनिवारची रात्र, घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, आणि रविवारी लॅमिंग्टन रोडवरची, म्हणजे मुंबईतल्या ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटर बाजारातली, बहुतेक दुकानं बंद. सोमवारी अर्धी रजा टाकून बोर्ड मांडीवर घेऊन भांडुपहून दादर, तिथून ग्रँट रोड. दुकानातल्या मुलाने जुनी चिप लावून दहा मिनिटांत बायोस बदलून दिला. दोन रात्री आणि अर्धी रजा गेली ती एका फाइलपायी.

म्हणून बोर्ड घेताना काउंटरवरच विचारा: हा माल कधीचा, खोक्यावर रायझन ९००० चालेल असं स्टिकर आहे का? नसेल तर निदान मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. त्या बटणामुळे चिप न लावताही बायोस बदलता येतो: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव दिलेलं, बोर्डला २४ पिनची आणि सीपीयूची वीज जोडलेली. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका. सोसायटीत त्या दिवशी विजेचं काम आहे का, तेही आधी विचारून घ्या, कारण मध्येच वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो. त्याच पेनड्राइव्हवर वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर टाका. विंडोजसाठी मात्र दुसरा पेनड्राइव्ह ठेवा, एकातच सगळं कोंबू नका.

कॅबिनेट जुनंच वापरणार असाल तर ग्राफिक्स कार्ड मावेल का ते कळायला टेपने आतली लांबी मोजून कागदावर लिहून न्या. पुढे वॉटर कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची आणि पंख्याची जाडी वजा करा. दुकानात 'बसेल हो' म्हणतात, त्यावर जाऊ नका.

पॉवर सप्लायवर पैसे वाचवू नका. आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्डला एनव्हीडिया ६५० वॉट सांगते, मी ७५० च घेईन. कार्डची १६ पिनची केबल शेवटपर्यंत आत गेली पाहिजे. २०२२ च्या ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळले, त्यात नीट न बसलेली केबल हे एक कारण होतं. बोटाने दाबा आणि टॉर्च लावून फट पाहा. आपल्या जुन्या इमारतींत आणि चाळींत अर्थिंग तपासल्याशिवाय तर काहीच जोडू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, मग पीसी.

बिल जीएसटीचं, प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहिलेलं. खोकी ठेवा. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण तर जिवापाड जपा: एएम५ च्या १७१८ पिना चिपला नसतात, बोर्डवर असतात. एक वाकली की वॉरंटीवाले हात वर करतात. बोर्ड परत न्यायची वेळ आली तर त्या झाकणाशिवाय घराबाहेर काढू नका.

येताना गर्दीची लोकल टाळा. पावसाळ्यात खोक्याला दुहेरी प्लास्टिक.

जोडणीचं थोडक्यात सांगते. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोला, मग चिपवर थर्मल पेस्ट. रॅमच्या दोन पट्ट्या सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एम.२ एसएसडीचा इवलासा स्क्रू वाटीत ठेवा. मॉनिटरची एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डला, बोर्डला नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅमची मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड आणि रॅमची जुळणी, काही मिनिटं घेते. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, घाबरून वीज तोडू नका. चालू झालं की बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, लावा.

आणि हे सगळं पेनड्राइव्ह भरून झाल्यावर. फाइल त्याच बोर्डच्या त्याच मॉडेलची आहे ना? वायफायवाल्या आणि बिनवायफायच्या बोर्डची नावं जवळजवळ सारखी असतात. खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा, मगच जुन्या पीसीला स्क्रूड्रायव्हर लावा.