58 पूर्ण व्हायच्या आधी पीएफच्या पेन्शनची तयारी कशी करायची

घरात कुणाचा पीएफ कापला जातो आणि वय 54-55 झालंय, तर हे आत्ताच वाचून घ्या, 58 ची वाट बघू नका. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन अडते ती बहुतेक वेळा जुन्या नोकऱ्यांच्या रेकॉर्डमध्ये, आणि तोवर जुनी कंपनी बंद पडलेली असते, कॉन्ट्रॅक्टर गायब, तेव्हाचा एचआरवाला कुठे असतो देव जाणे, मग ते निस्तरायला महिनेच्या महिने जातात.

आधी हिशोब समजून घ्या. मालक जे 12 टक्के भरतो त्यातले 8.33 टक्के पेन्शनमध्ये जातात, पण ते 15,000 पगारापर्यंतच धरून, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250. तुमच्या स्वतःच्या पगारातून कापलेले सगळे पैसे पीएफमध्येच राहतात. पेन्शन मात्र जमलेल्या रकमेवर ठरत नाही, ती ठरते सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70 अशी. सरासरी शेवटच्या 60 महिन्यांची. म्हणून नोकरी बदलून पीएफ ट्रान्सफर केल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तरी घाबरू नका, पैसे कुणी खाल्ले नाहीत, तिथे बघायचं ते तुमची वर्षं धरली गेलीत का एवढंच.

आता यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग हातात कमी आकडा आला की धक्का बसतो. 15,000 ची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून आहे, त्याआधी ती 6,500 होती, आणि त्याआधीची वर्षं 6,500 नेच धरतात. समजा कुणी सप्टेंबर 2008 ला लागला आणि 2026 ला 58 चा होतोय, पगार मर्यादेच्या वरच आहे. पहिली 6 वर्षं 6,500 ने म्हणजे 557 रुपये, पुढची 12 वर्षं 15,000 ने म्हणजे 2,571, मिळून साधारण 3,129. सरळ 18 वर्षं गुणिले 15,000 केलं तर 3,857 येतात आणि माणूस तेच धरून बसतो. तुमचा हिशोब असाच दोन तुकड्यांत करा. नोकरी 20 वर्षं किंवा जास्त असेल तर वर 2 वर्षं बोनस धरतात, त्यामुळे 18-19 वर आलेल्याने नोकरी सोडायची घाई अजिबात करू नये.

पेन्शनसाठी किमान 10 वर्षं लागतात, साडेनऊ झाली असतील तर ती 10 धरतात. एमआयडीसीत, सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये काम करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. कॉन्ट्रॅक्टर बदलला की नवीन पीएफ नंबर, जुन्याचे पैसे काढून मोकळे, आणि माणूस 15 वर्षं राबूनही कागदावर 6 वर्षांचाच उरतो. म्हणून सगळे जुने नंबर एकाच यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफच्या कायम नंबराला, जोडून घ्या आणि सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक नोकरीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तपासा, सोडल्याची तारीखच भरलेली नसते असं फार वेळा होतं. 10 वर्षांच्या आत नोकरी सुटली तर फॉर्म 10सी भरताना पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे ती वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. मुलीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला पैसे लागतात हे मान्य, पण त्यासाठी पीएफमधून अॅडव्हान्स मिळतो, पेन्शनची वर्षं मोडू नका.

नाव आणि जन्मतारीखही आत्ताच जुळवून घ्या. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार आता पीएफमध्ये चालत नाही, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला शोधून ठेवा. चूक असेल तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे तुम्ही आणि मालकाने मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, करावं लागतं, मालक हाताशी आहे तोवर ते सोपं जातं. ई-नॉमिनेशनही, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत याची ऑनलाइन नोंद, करून टाका.

मग खरा प्रश्न, पेन्शन कधी घ्यायची. 50 नंतर नोकरी सोडलेल्याला लवकर घेता येते पण 58 ला जितकी वर्षं कमी तितके दरवर्षी 4 टक्के कापतात, आणि ही कपात आयुष्यभराची, त्यामुळे अगदी चूल पेटत नसेल तरच. 58 झाले की नोकरी चालू असतानाही पेन्शन सुरू करता येते! हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, कंपनीत निवृत्ती 60 ला आहे म्हणून ते दोन वर्षं थांबून राहतात. ठरवून थांबलात तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, 60 ला 8.16 टक्के. वरच्या उदाहरणात म्हणजे महिन्याला 255 रुपये जास्त, पण दोन वर्षांत सोडलेले 75,000 त्यातून भरून यायला 24 वर्षं लागतात, म्हणजे वयाची 84 गाठावी लागते. माझं मत स्पष्ट आहे, नुसतं थांबू नका, 58 ला घ्या. 58 नंतरही पेन्शनमध्ये हप्ता चालू ठेवायचा पर्याय दिला तर वर्षंही वाढतात, तो हिशोब वेगळा मांडून बघा.

58 ला फॉर्म 10डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरा, नवरा-बायकोचा जोड फोटो आणि मुलांची माहिती लागते. त्याच महिन्यात ऑफिसात लेखी सांगा की आता पेन्शनचा हिस्सा बंद करा, पूर्ण 12 टक्के पीएफमध्येच टाका. पर्याय न देता 58 नंतरही 1,250 जात राहिले तर पुढे क्लेम अडकतो, आणि ही चूक पेरोलवाल्यांकडून सर्रास होते.

एवढं सगळं करूनही रक्कम तुटपुंजी आहे हे मी लपवणार नाही. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयेच आहे. भगतसिंग कोश्यारींच्या संसदीय समितीने 2013 मध्येच किमान 3,000 सुचवले होते, पेन्शनर 7,500 मागतायत, बुलढाण्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यासाठी साखळी उपोषण केलं. औषधालाही न पुरणाऱ्या पैशावर माणूस 58 नंतर जगेल असं धरूनच धोरण आखलं गेलं, म्हणून तर निवृत्त माणसं रात्रपाळीला वॉचमन म्हणून दिसतात. वाढ झालीच पाहिजे, पण ती होईपर्यंत आपल्या हक्काचं एक वर्षही गळू देऊ नका.

पेन्शन सुरू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो आणि ज्या तारखेला दिला तिथून वर्षभर चालतो. पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, कागद बायकोला दाखवून ठेवा, तिला नंतर तुमच्या पेन्शनच्या निम्मी मिळते आणि तेव्हा तिला हाच नंबर लागतो.