नांदूरमध्यमेश्वर काठच्या शिवारासाठी : ऊसतोड आणि रब्बीच्या दिवसांत

नाशिक जिल्ह्यातलं, गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलंच. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडीच्या शिवारात आता ऊसतोड, गहू-हरभऱ्याचं पाणी आणि द्राक्षाची राखण एकदमच अंगावर येते. पाहुणे पक्षी याच दिवसांत उतरतात. बिबट्या तर बारमाही.

धोका उसात जास्त, म्हणून आधी त्याचं. फड चारही बाजूंनी घेरून तोडू नका. वस्तीच्या अंगाने सुरुवात करा आणि नदी-ओढ्याकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा, म्हणजे दडलेल्या जनावराला तिकडून निघता येतं. उभा ऊस पेटवून तोडणं टाळाच. मजुरांची लेकरं फडाच्या कडेला निजवू नका. सरीत बछडे दिसले तर हात लावायचा नाही, फोटोसाठी गर्दी करायची नाही. तेवढ्या भागातली तोड थांबवून वनविभागाला १९२६ वर कळवायचं. कर्मचारी पिल्लं तपासून सांजेला त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि मादी बहुधा रात्रीतून त्यांना उचलून नेते. पिल्लं गावात आणली तर ती बिथरते आणि त्यांना शोधत वस्तीच्या आसपास फिरते. कितीदा तर ही ‘बछडी’ रानमांजराची निघतात. ते ठरवायचं काम आपलं नाही.

रात्रीची लाइट असेल तर पाणी भरायला दोघांनी जावं. वाकून बारं देणारा माणूस बिबट्याला चार पायांचं जनावर वाटू शकतो. हातात बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी. भजनं लावा नाहीतर तमाशा, आवाज हवा.

द्राक्षमण्यात पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्या बागेत येणारच. जाळी ताणून बांधा. ढिल्या जाळीत पक्षी अडकतात, जमिनीवर लोळणाऱ्या टोकांत धामण गुरफटते, आणि उंदीर खाणारी तीच. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारावी. फवारणीचा ब्लोअर मात्र नदीवर किंवा पाटावर धुऊ नका. डाऊनी रोगासाठी मारलेलं तांब्याचं औषध पाण्यात गेलं की मासे आणि गोगलगायी मरतात. उघड्या चोचीच्या करकोच्यांचं पोट गोगलगायींवरच असतं.

गव्हात उंदीर झाले तर विषारी दाणा बांधावर फेकू नका, बदकं आणि क्रौंच तो टिपतात. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं, त्यांत आमिष खोल टाकून तोंड चिखलाने बंद करा. मेलेले उंदीर गोळा करून पुरा. गव्हावरून खालून उडत फिरणारा भोवत्या हा शिकारी पक्षी तेच उचलतो.

शेळी-वासरू मारलं गेलं तर पंचनामा होईपर्यंत जागचं हलवू नका. फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. उशीर झाला की भरपाईचं प्रकरण अडतं.