फाइल उघडते, मजकूर उघडत नाही: दिवाळी अंकाच्या फाइलींतल्या या चुका टाळा

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळी अंकाचं साहित्य यायला लागतं आणि माझा फोन वाजायला लागतो. गेल्या वर्षी एक कथा आली, डॉक्स (.docx) फाइल. उघडली तर पानभर रोमन अक्षरांची खिचडी. लेखकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, वर्डचीच फाइल आहे. माझ्याकडे तर नीट दिसतेय की!"

ते खोटं बोलत नव्हते. म्हणून मी फाइलची एक प्रत काढली, तिचं एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) बदलून झिप केलं आणि आत शिरलो. (हा प्रयोग जरूर करून बघा, मात्र प्रतीवरच.) डॉक्स म्हणजे मुळात एक झिप गाठोडं असतं. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या (टॅग) लावून ठेवलेली फाइल. परिच्छेद कुठे सुरू झाला, ठळक अक्षरं कुठली, फॉन्ट कोणता, सगळं टॅगांमध्ये लिहिलेलं. जिथे 'मराठी' हा शब्द असायला हवा होता तिथे पाच रोमन अक्षरं होती: ई, जे, के, मोठा बी, एच. शेजारच्या टॅगमध्ये फॉन्टचं नाव, कृतिदेव.

कृतिदेवमध्ये ई या अक्षराच्या जागी 'म'चं चित्र बसवलेलं आहे, जेच्या जागी 'र'चं, केच्या जागी काना. म्हणजे संगणकाच्या लेखी ती कथा रोमन अक्षरांतच आहे, फक्त अंगावर मराठी कपडे. लेखकांच्या संगणकावर ते कपडे होते, माझ्याकडे नव्हते. श्रीलिपीसारख्या इतर जुन्या फॉन्टांचीही तीच तऱ्हा, फक्त प्रत्येकाची मांडणी वेगळी.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच: फाइलचा साचा खुला आहे म्हणजे आतला मजकूरही खुला आहे, असं धरून चालणं. एक्सएमएल १९९८ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. डॉक्सचा साचा २००६ मध्ये एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आणि २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाला, क्रमांक २९५००. पण त्या खुल्या डब्यात तुम्ही फॉन्ट बनवणाऱ्याची खासगी सांकेतिक भाषा भरली, तर डबा उघडून उपयोग काय?

उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. (त्यात प्रत्येक अक्षराला, फॉन्ट कुठलाही असो, एकच ठरलेला क्रमांक असतो.) इथेच दुसरी चूक होते. लोक सगळा मजकूर कॉपी करून एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवतात. कॉपी करताना फॉन्टची माहिती गळून पडते, मग लेखात मधेच आलेला खरा इंग्रजी शब्दही कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो. रोमन लिपीतलं 'पेन' त्यातून बाहेर पडतं ते 'चमद' होऊन. म्हणून फॉन्टनुसार तुकडे ओळखून, फाइलच्या आतच रूपांतर करणारं साधन वापरा. तसं नसेल तर शोधा-बदला या सोयीत फॉन्ट निवडून आधी इंग्रजी शब्दांना रंग द्या, म्हणजे रूपांतरानंतर कुठे हात फिरवायचा ते मूळ फाइलवरून कळेल.

रूपांतर झालं की पहिली वेलांटी, रफार आणि 'ऱ्य' डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, तिथे घोटाळा ठरलेला. त्या कथेत सह्याद्रीच्या 'दऱ्या' होत्या. शेवटच्या प्रुफापर्यंत त्या 'दर्या' होऊन, म्हणजे समुद्र होऊन, बसल्या होत्या. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट धरून जे दाबला की 'ऱ' येतो, पुढे हलन्त आणि य.

एक्स्टेंशन नुसतं हाताने बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. वर्डच्या जुन्या डॉक (.doc) फाइलचं नाव डॉक्स केलंत तर वर्ड ती उघडायला सरळ नकार देईल. नाव पूर्ववत करा, फाइल उघडा आणि 'सेव्ह ॲज'मधून नवा प्रकार निवडा.

आता ओडीटीबद्दल, म्हणजे लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या फाइलप्रकाराबद्दल. त्यामागचं ओपन डॉक्युमेंट हे मानक ओएसिस या संस्थेने २००५ मध्ये मंजूर केलं, २००६ मध्ये ते आयएसओचं २६३०० झालं. आयएसओत डॉक्सच्या मानकावर मतदान झालं तेव्हा भारताने विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरणही आणलं. मी स्वतः ओडीटीच्या बाजूचा आहे. तरीही सांगतो, एकच फाइल डॉक्समधून ओडीटीत, परत डॉक्समध्ये अशी फिरवू नका. दर फेरीत तक्ते सरकतात, टेक्स्ट बॉक्स उडी मारतात, क्रमांक नव्याने एकपासून सुरू होतात. काम एकाच प्रकारात करा, रूपांतर शेवटी एकदाच. आणि फॉन्ट मुक्ता किंवा नोटो यांसारखा मोफत मिळणारा ठेवा, म्हणजे लिनक्सवाल्याकडेही ओळी तिथेच तुटतील.

शीर्षकाला 'हेडिंग' ही स्टाइल न लावता नुसतं मोठं आणि ठळक करणं ही सवय तर सार्वत्रिक आहे. त्या फाइलला शीर्षक कुठलं हे ठाऊकच नसतं, मग अनुक्रमणिका हाताने करत बसा.

वर्गणीदारांच्या यादीची कथा वेगळी. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) हा प्रकार साधा आणि खुला, पण ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. मराठी नावांचा चिवडा होतो, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं जातात आणि '३-१२' हा फ्लॅट नंबर ३ डिसेंबर होऊन बसतो. हसू नका, जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने याच कारणासाठी २०२० मध्ये काही जनुकांची नावं बदलली. 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्या, यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा, नंबरांच्या रकान्यांना 'टेक्स्ट' सांगा. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस (.xls) फाइलमध्ये तर ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण याच मर्यादेमुळे नोंदीतून सुटले होते. यादी एक्सएमएलमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरला देत असाल तर 'जोशी & सन्स'मधल्या त्या चिन्हापाशी आयात अडते. ते चिन्ह एक्सएमएलच्या पद्धतीने बदलून लिहावं लागतं.

पीडीएफ छापण्यासाठी उत्तम, जपण्यासाठी अपुरी. तिच्यातून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं बऱ्याचदा मोडून येतात, तेव्हा मूळ फाइलही सोबत ठेवा.

जुन्या फाइलींचं रूपांतर आम्ही वेळेत केलं नाही. आमचे जुने अंक पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन त्या फाइली उघडायचं ते सीएस-६ पर्यंत, पुढच्या आवृत्त्यांनी दार लावून घेतलं. २००४ चा अंक शेवटी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करायला दिला. टाइप करायला आलेल्या मुलीने खुर्चीत बसता बसता विचारलं, "सर, कृतिदेव का श्रीलिपी?"