गीरमध्ये म्हातारी होत चाललेली सिंहांची जोडी कशी ओळखावी

एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसून चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्या. निवृत्त झाल्यावर मिरजेहून गीरला जायला लागलो आणि तीच खोड तिथे उपयोगी पडली. सिंह दिसला की जिप्सीतले सगळे फोटो काढत असतात, मी वहीत ठिपके काढत असतो. बायको म्हणते, "तुम्ही तिथेही लेजरच भरताय." खरं आहे. पण त्या लेजरमुळेच तीन हंगामांत दोन नरांच्या एका जोडीचं राज्य कसं गेलं, ते मला डोळ्यांनी बघता आलं. तुम्हालाही बघायचं असेल, तर मी करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, एकाच फेरीत काही कळणार नाही. गीरचं अभयारण्य १६ जून ते १५ ऑक्टोबर पर्यटकांना बंद असतं. ते उघडल्यावर एकदा, थंडीत एकदा आणि मार्चच्या पुढे एकदा, अशा किमान तीन खेपा धरा. सामान फार लागत नाही. दुर्बीण, वही आणि पेन्सिल. पेन नको, हिवाळ्यातल्या पहाटेच्या फेरीत पेन कधीकधी अडतं. कॅमेऱ्याची लेन्स लांबची असेल तर उत्तम, पण तिचं काम एकच, तोंडाचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो घेणं.

तोंडाचा कशासाठी? तर सहीसाठी. सिंहाच्या मिशा ज्या ठिपक्यांतून उगवतात, त्यांच्या समांतर ओळी असतात. सगळ्यांत वरच्या पूर्ण ओळीच्याही वर एखाद-दोन सुटे ठिपके दिसतात. ते खालच्या ओळीतल्या कितव्या ठिपक्याच्या डोक्यावर आहेत, हे मोजून घ्यायचं. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, आणि जन्मभर तीच. आफ्रिकेत ही पद्धत १९७० मध्ये मांडली गेली. कानाची खाच किंवा तोंडावरचा व्रण ही सोपी खूण वाटते, पण झुंजीगणिक खुणा वाढतात आणि गेल्या वर्षीचा सिंह यंदा परका वाटू लागतो. ठिपके बदलत नाहीत. माझ्या वहीत प्रत्येक नराला खाते नंबर आहे. नावं मी देत नाही, नाव दिलं की माणूस बाजू घ्यायला लागतो.

आता वय. नाकापासून सुरुवात करा. तरुण नराचं नाक गुलाबी असतं, पुढे त्यावर काळे ठिपके येतात आणि ते वाढत जातात. निम्म्याहून जास्त नाक काळं दिसलं की पाच-सहा वर्षांच्या पुढचा समजायचा. हे कोष्टक टांझानियातल्या सिंहांवरून बसवलेलं आहे, म्हणून गीरमध्ये मी ते अंदाजापुरतंच वापरतो. मग दात. दात बघायला सिंहाच्या जांभईची वाट बघावी लागते. उठायच्या आधी तो दोन-तीनदा तरी जांभई देतो, तेवढ्यात दुर्बीण लावायची. पांढरेशुभ्र टोकदार सुळे म्हणजे तरुण. पिवळे, बोथट, एखादा मधूनच तुटलेला, म्हणजे बरेच उन्हाळे पाहिलेला. खालचा ओठ लोंबतो, पुठ्ठ्याची हाडं वर येतात, उठताना मागचे पाय आधी जरा चाचपडतात. हे शेवटचं मला लगेच कळलं, माझंही तसंच होतं.

इथे मी पहिल्या वर्षी केलेली चूक सांगून ठेवतो. पोटाखाली कातडीची लांब घडी लोंबताना बघून मी गाइडला ठासून सांगितलं, "हा आजारी आहे, खाणं तुटलंय याचं." गाइड हसू आवरत म्हणाला, "साहेब, ती इथल्या सगळ्याच सावजांना असते." सावज म्हणजे तिकडे सिंहच. आशियाई सिंहाची ती ओळखच आहे, वयाशी तिचा काही संबंध नाही. आयाळीचंही तसंच. इथल्या नराची आयाळ मुळातच विरळ, कान उघडे दिसतात. टांझानियातल्या सेरेनगेटीत संशोधकांनी वेगवेगळ्या आयाळींचे नकली सिंह उभे करून पाहिले, तेव्हा नर गडद आयाळीच्या पुतळ्यापासून दूर राहिले आणि माद्या त्याच्याकडेच गेल्या. त्याचा निष्कर्ष २००२ मध्ये छापून आला. म्हणजे आयाळीला अर्थ आहे. पण ती विरळ दिसली म्हणून म्हातारा ठरवू नका. तोच नर दोन हंगामांपूर्वी कसा होता, ते वहीत बघा.

एवढं केलंत की एक सिंह कळला. पण हद्द एकटा सिंह राखत नाही, जोडी राखते, आणि बहुतेक पर्यटक चुकतात ते इथेच. सगळ्यांच्या नजरा मोठ्या नरावर. तुम्ही दुसऱ्याकडे बघा.

गीरमध्ये नर बरेचदा जोडीने राहतात, माद्यांचा कळप वेगळा असतो. आफ्रिकेसारखा नर बारा महिने कळपाबरोबर पडून नसतो. इथलं मुख्य भक्ष्य चितळ, ते लहान, त्यात मोठ्या कुटुंबाचं पोट भरत नाही. म्हणून समागमाला किंवा मोठ्या शिकारीवरच नर-माद्या एकत्र येतात. एका मादीच्या वावरात दोन-तीन जोड्यांच्या हद्दी येतात आणि ती एकाहून अधिक जोड्यांशी संग करते. त्यामुळे पिल्लं कोणाची, हे कुठल्याच नराला नक्की कळत नाही आणि ती वाचतात. साफ नवखा नर आला तर मात्र पिल्लांची धडगत नसते.

या जोड्यांवर गीरमध्येच अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं की समागमाच्या जवळजवळ ७० टक्के संधी वरचढ नर घेतो, खाण्यातही त्याचाच वाटा मोठा. मग दुसरा राहतो कशाला? भागीदारी पेढीचं जे असतं तेच. नफ्यात हिस्सा कमी, पण दुकान बुडालं तर दोघंही रस्त्यावर. एकट्याला हद्द टिकवणं कठीण असतं, हे दोघांनाही माहीत असतं.

म्हणून माझ्या वहीत सगळ्यांत महत्त्वाचा रकाना अंतराचा. पहिला दिसल्यापासून दुसरा किती वेळाने आला, किती लांब बसला, आल्यावर डोकं घासलं की नाही. सतरा आणि अठरा नंबरची माझी जोडी पहिल्या डिसेंबरात पाणवठ्यावर एकामागोमाग आली होती. सतरा पाणी पिऊन बाजूला झाला, अठराने येऊन त्याच्या मानेवर कपाळ रगडलं आणि दोघं करवंदीच्या जाळीत एकमेकांवर पाय टाकून पडले. मार्चमध्ये त्याच वाटेवर सतरा एकटा भेटला. अठरा मागे, सागाच्या झाडाखाली, अडीच-तीनशे पावलांवर. सकाळचे सव्वासात झाले असतील. नदीपलीकडून डणक आली. डणक म्हणजे सिंहाची गर्जना, तिकडचा शब्द आहे, आणि एकदा ऐकलीत की दुसरा शब्द सुचत नाही. सतरा उठला, चार पावलं चालला आणि मान वळवून मागे बघत उभा राहिला. अठराने डोकं वर केलं, कान हलवले, पुन्हा खाली ठेवलं. सतरा तिथेच बसला. उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी वहीत मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली.

गर्जनेचा रकाना वेगळा ठेवा. रात्री आणि पहाटे, मुक्कामाच्या ठिकाणी गच्चीवर किंवा अंगणात बसलं तरी चालतं, शांत हवेत गर्जना सात-आठ किलोमीटर जाते. एकाचा आवाज की एकात मिसळलेले दोन, कुठल्या दिशेने, उत्तर आलं का, किती वेळाने, हे लिहायचं. आफ्रिकेत ध्वनिक्षेपकावरून परक्या गर्जना ऐकवून प्रयोग झाले. एकटीच्या आवाजाकडे माद्या चाल करून गेल्या, तिघींचा आवाज आला की कचरल्या. म्हणजे सिंह मोजतात. आणि हद्द नसलेला भटका नर गर्जना करतच नाही, जीव वाचवत मुकाट फिरतो. तेव्हा स्वतःच्याच मुलखात गप्प राहणारा नर दिसला, तर त्याची नोंद करा. झुडपावर शेपटी उचलून मूत्र फवारणं, मागच्या पायांनी जमीन खरवडणं, हेही तो सोडतो. तरुण आणि हद्दीचा असेल तर वाटेतलं दर दुसरं झुडूप तो सोडत नाही, तुमची जिप्सी मागे खोळंबते.

तिसरी खूण पाठड्यांची. पाठडा म्हणजे मिसरूड फुटलेला नर. असे दोघं-तिघं आधी कडेकडेने दिसतात, आवाज न करता. पुढच्या खेपेला रस्त्यावर. त्यापुढे पाणवठ्यावर. त्याच सुमारास पिल्लांची मादी नेहमीची जागा सोडते. गुजरातेतल्या सिंहांची संख्या २०१५ मध्ये ५२३ होती, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ च्या गणनेत ८९१. एवढ्या गर्दीत कुणाची जागा फार दिवस मोकळी राहत नाही.

प्रत्यक्ष झुंज बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. ती बहुधा रात्री होते, नाहीतर पावसाळ्यात, गेट बंद असताना. गीरची सगळ्यांत प्रसिद्ध जोडी जय आणि वीरू. २०२५ च्या जूनमध्ये वीरू गेला, जुलैत जय. दोघंही इतर नरांशी झालेल्या झुंजींतल्या जखमांनी, उपचार करूनही. हल्ले झाले तेव्हा दोघं बरोबर नव्हते. बातमी वाचली तेव्हा मी पुन्हा माझा अंतराचा रकाना उघडून बसलो होतो.

जखमी किंवा लंगडणारा नर दिसला तर गाइडला तिथेच सांगा, जागा आणि वेळ लिहून द्या, पुढचं वनखात्याचं काम. जिप्सी जवळ घ्यायचा हट्ट धरू नका. थकलेल्या सिंहाला तुमच्यासाठी उठून जावं लागलं, तर त्याची सावलीची जागा गेली. एका फेरीत ड्रायव्हरवर ओरडून गाडी पुढे घ्यायला लावणारे आमच्याच बाजूचे लोक होते, मराठीतच ओरडत होते. मी मान खाली घालून ठिपके काढत बसलो.

माझ्या जोडीचं म्हणाल तर १८ ऑक्टोबरच्या पहाटे सतरा नंबर एकटा दिसला. डावीकडचे ठिपके ताडले, तोच. डाव्या डोळ्याखाली नवा व्रण, खालचा सुळा नाही. वाटेवरची चार झुडपं त्याने नुसती हुंगली आणि पुढे गेला. लांबून दोन डणकी एकदम उठल्या, तो वाट सोडून नाल्यात उतरला. ट्रॅकर मोटरसायकलला टेकून उभा होता. मी विचारलं, अठरा? त्याने मान हलवली आणि नाल्याकडे बोट करून म्हणाला, "हवे बोलतो नथी, साहेब." म्हणजे, हा आता आवाज देत नाही.

अठराच्या खात्यावर मी 'बंद' लिहिलेलं नाही. दिसला नाही, एवढंच लिहिलंय, तारखेसकट.