डिशचं चित्र फुटतंय? माड छाटण्याआधी या चुका टाळा

गेल्या चवथीच्या तोंडावर आमच्या डिचोलीच्या घरी टीव्हीवर चौकोन दिसू लागले, मग चित्रच गेलं. सगळ्यांची बोटं कुंपणावरच्या माडाकडे. पाडेल्याला बोलावून झावळ्या उतरवल्या, तरी पडदा काळाच.

ही चूक घरोघरी होते. फ्री डिशचा (दूरदर्शनची मोफत डिश सेवा) जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येतो. तबकडी मात्र बरीच उभी दिसते, कारण एलएनबी (दांड्याच्या टोकावरचा, लहरी पकडणारा छोटा डबा) तिच्या मध्यासमोर नसून खालच्या अंगाला असतो. म्हणून ती समोरच्या झाडाकडे बघते असं वाटतं. खरं तर १० मीटरवरचा माड आड यायला डिशपेक्षा १८ मीटर उंच हवा! छपरावर ओणवलेला आंबा-फणस असेल तर गोष्ट वेगळी.

आमचा दोष निघाला एलएनबीच्या कनेक्टरमध्ये. तांब्याची तार हिरवी पडलेली, आत पांढरी भुकटी आणि पाण्याचा थेंब. साधी चिकटपट्टी उन्हाने सुटली होती. वरून प्लास्टिकची पिशवी बांधली होती, तिने वाफ आतच कोंडली. पिशवी बांधूच नका. सेटटॉप बॉक्सचा प्लग काढा (याच वायरीतून एलएनबीला वीज जाते), खराब टोक कापा, नवा कनेक्टर लावा आणि रबरी जलरोधक टेप ताणून गुंडाळा. वायरीला कनेक्टरखाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

बॉक्सच्या पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ ८० दाखवतो म्हणून समाधान मानू नका. एलएनबीला वीज मिळाली की तो आकडा नुसत्या गोंगाटानेही वर जातो. बघायची ती ‘क्वालिटी’. ती शून्य असेल तर बहुधा डिश भलतीकडे बघतेय.

आणि ती हलते कशी? चिऱ्याच्या भिंतीतला बोल्ट ढिला होतो, खाऱ्या वाऱ्याने नट गंजतात. दोन-तीन अंश सरकली तरी चित्र जातं. मे महिन्यातच बोल्ट आवळा. ओल्या कौलांवर चढू नका.

धो-धो सरीत मात्र डिशला हात लावू नका. पावसाचे थेंबच लहरी शोषतात. सर ओसरली की चित्र परत येतं. दर सरीला जात असेल तर ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची तबकडी बसवा.